सवतीचा खोकला

"पेट्रोल वाचतं, एवढंच?" माशाच्या पोटात सुरी घालता घालता सेनोवियाने विचारलं.

"एवढंच काय म्हणता, आई? निम्मं वाचतं. वर ऑइल मिसळायची कटकट नाही, धूर नाही. किल्ली फिरवली की चालू. त्या कार्बोरेटरवालीची दोरी ओढून ओढून माणसाचा खांदा निखळतो."

"आणि आवाज?"

हेल्मेर पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायला लागला. "आवाज... नसल्यात जमा."

"हं," सेनोविया म्हणाली आणि माशाची आतडी कुत्र्याकडे भिरकावली.

जावई काहीतरी लपवतोय याबद्दल तिच्या मनात शंका उरली नव्हती. पेट्रोलवर तो घडाघडा बोलायचा, धुरावर बोलायचा, ऑइलवर बोलायचा. आवाजापाशी आला की त्याची जीभ अडायची. गेल्या आठवड्यापासून हेच चाललं होतं. बिनआवाजी मोटर कुणाला हवी असते? ज्याला कुणाच्या नकळत जायचं असतं त्याला. कुठे जायचं असेल? दुसऱ्या बाईकडे. नाहीतर दूर समुद्रात दिवे विझवून उभ्या राहणाऱ्या त्या जहाजांकडे, ज्यांना इथली पोरं पेट्रोल नेऊन देतात आणि महिन्याभरात नवी मोटरसायकल उडवत फिरतात. सेनोवियाने दोन्ही शक्यता मनात तोलून पाहिल्या. बाई असेल तर बरं, असं तिला वाटलं. त्यात माणूस निदान जिवंत राहतो.

"पैसे तुमचे, होडी तुमची," हेल्मेर म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते खरं. पण कार्बोरेटरवाली घेतलीत तर मी त्या होडीत पाय ठेवणार नाही. सांगून ठेवतो."

"धमकी देतोस?"

"नाही आई. सांगून ठेवतोय."

"मग माझंही ऐकून ठेव. मुकी मोटर घेऊन माझ्या लेकीच्या नवऱ्याला मी समुद्रावर पाठवणार नाही."

घरातून नार्सिसा बाळाला मांडीवर थोपटत हे सगळं ऐकत होती. आईच्या आणि नवऱ्याच्या मध्ये बोलणारी बाई दोन्हीकडून मार खाते, एवढं तिला कळत होतं.

होडी घरामागे पालथी पडली होती. नऊ वर्षं. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. दुसऱ्यांचे मासे चिरून सेनोवियाने नऊ वर्षांत जे साठवलं त्यात एक मोटर येत होती. एकच. चुकलं तर दुसरी यायला सेनोविया पुन्हा नऊ वर्षं जगणार नव्हती. शेजारच्या पास्तोराचा नवरा त्याची कार्बोरेटरवाली तिला विकायला तयार होता. तिचा आवाज सेनोवियाच्या कानातला होता. हेल्मेरला मात्र मांता शहरातल्या कंपनीचा एजंट आणणार होता ती नवी हवी होती, इंजेक्शनवाली.

सान हाकोबो गावच्या बायका घड्याळ बघत नाहीत. होड्या परतायची वेळ झाली की त्या आपापल्या घरात केळी सोलत असतात, शेंगदाणे कुटत असतात, भांडत असतात. पण कान समुद्राकडे. सगळ्या मोटरी एकाच बनावटीच्या, एकाच ताकदीच्या, तरी कुणाच्या पंख्याचं पातं वाकलेलं, कुणाचा कार्बोरेटर तारेने बांधलेला, कुणी ऑइल ओतताना हात सैल सोडणारा. प्रत्येकीचा गळा वेगळा. आपली मोटर ऐकू आली की बाई हातातलं टाकते, घमेलं उचलते आणि वाळूवर उतरते. होडी टेकते तेव्हा ती तिथे असते. नसली तर नवरा रागावतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पाणकोळी पक्षी मासे उचलतात.

नवरा तोरिबियो होता तेव्हा सेनोविया कधी एकदाही उशिरा पोचली नव्हती.

त्याची मोटर म्हणजे तिची सवत. हे नाव तिनेच ठेवलं होतं. मोटर रात्री होडीवर सोडणं म्हणजे चोराला जेवायला बोलावणं, म्हणून संध्याकाळी दोन माणसं बांबूला टांगून ती घरी आणायची आणि तोरिबियो तिला खाटेच्या पायाला साखळीने बांधायचा. "मी भिंतीकडे, ती दाराकडे, आणि मधे हा," सेनोविया बायकांना सांगायची. "आणि रोज तेल चोळतो तिला. मला लग्नात लावलं होतं तेवढंच." बायका खिदळायच्या. तोरिबियोही हसायचा, पण तेल चोळणं थांबवायचा नाही.

दिवसाचं काम संपलं की होडीतून उतरण्याआधी तो टाकीची नळी उपसायचा आणि मोटर तशीच चालू ठेवायचा. कार्बोरेटरच्या वाट्यांमध्ये उरलेलं पेट्रोल तिने पिऊन संपवायचं. नाहीतर रात्रीत त्याचा डिंक होतो आणि सकाळी सगळं तुंबतं. सगळेच तसं करतात. तीन सिलिंडर, तीन वाट्या. इतरांच्या मोटरी एकदम गप्प व्हायच्या. ही मात्र खोकायची. दोन सिलिंडर थंड झाले की तिसरा एकटाच म्हणायचा, खक्. मग जरा दम घेऊन, खक्-खक्. मगच झोपायची.

त्याचं कारण होतं. तिसऱ्या वाटीच्या तळाच्या स्क्रूचा वॉशर एकदा समुद्रात पडला. दुकान लांब, तोरिबियो आळशी. त्याच सुमारास देशाचं स्वतःचं नाणं, सुक्रे, रद्द होऊन डॉलर आला होता आणि सेनोवियाच्या डब्यात मूठभर सुक्रे नुसते वाजत पडले होते. तिने त्यातला एक काढून दिला. तोरिबियोने त्याला भोक पाडलं, कानशीने घासलं आणि वॉशर म्हणून बसवला. नाणं जाड. वाटी केसभर खाली बसली आणि तिच्यात पेट्रोलचा एक घोट जास्त राहायला लागला. तो घोट म्हणजे ते खोकणं. "सरकारने मारलेला पैसा मी कामाला लावला," असं तोरिबियो सगळ्यांना ऐकवायचा.

मग धुक्याचे महिने आले. एका सकाळी जोडीदाराला ताप होता म्हणून तोरिबियो एकटाच गेला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या लोकांना होडी वाहत आलेली सापडली. मोटर बसते त्या मागच्या फळीवर करवत चालवलेली. मोटर नाही. माणूस नाही. जाळं जसंच्या तसं घडी घातलेलं. बंदरावरच्या साहेबाने टोपी काढली, घाम पुसला, म्हणाला, "समुद्राने नेला, बाई." समुद्र करवत घेऊन फिरतो हे सेनोवियाला त्या दिवशी कळलं.

वर्षभराने एका धुकट सकाळी ती चुलीपाशी होती आणि किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडून आवाज आला. खक्. दम घेऊन, खक्-खक्. ती घमेलं घेऊन अनवाणी धावली. टोकाला पोचली तर वाळूवर चेअरमनच्या होड्या, आणि चार माणसं ताडपत्रीखाली काहीतरी झाकून निघालेली. "मोटर दाखवा," ती म्हणाली. ते हसले. गावानेही तिची समजूत घातली: दुःखात माणसाला भास होतात. पोरं तिला 'कान' म्हणायला लागली. 'कान आली रे, हळू बोल.' पुढे त्या टोकाकडे तिला कुणी फिरकू दिलं नाही आणि तो आवाज पुन्हा तिच्या कानावर आला नाही.

त्या दिवसापासून सेनोवियाने कुणावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. तिला त्याचा काही तोटा झाला नाही.

चेअरमन म्हणजे अब्दोन मेरो, मच्छीमार सोसायटीचा. कुणाच्याही घरी जाताना केळ्यांचा घड घेऊन जायची त्याला सवय. तोरिबियो गेल्यापासून प्रत्येक नाताळला सेनोवियाच्या दारात त्याचा घड यायचा. आज नाताळ नव्हता तरी तो घड घेऊन आला, न विचारता एकुलत्या एका खुर्चीवर बसला आणि गुडघे चोळायला लागला. पास्तोरा शेजारून येऊन दाराला टेकून उभी होती.

"शनिवारी एजंट येतोय," तो म्हणाला. "जुनी मोटर द्या, इंजेक्शनवाली घ्या. वरचे पैसे हप्त्याने."

"इंजेक्शन?" पास्तोरा म्हणाली. "ताप आलाय की काय मोटरीला?"

"हसा. तुझा नवरा धूर खाऊन मरेल तेव्हा रडशील. यात कार्बोरेटरच नाही. पेट्रोल मोजून आत सोडते. डोकं असतं तिला."

"मग माझ्या नवऱ्यालाच बसवून द्या एक," पास्तोरा म्हणाली.

सेनोविया हसली नाही. "जुन्या नेऊन करणार काय ते?"

"तोडणार. वितळवणार. घाण करतात ना त्या समुद्रात."

"समुद्राची काळजी मांताच्या एजंटाला कधीपासून लागली?"

"लागली बाई. काळ बदलतोय."

"आणि तुला एवढी घाई का, चेअरमन? तुझ्या तीन होड्या. तिन्हीच्या मोटरी ठणठणीत. गेल्याच वर्षी तू म्हणायचास की कार्बोरेटरसारखी वस्तू देवाने दुसरी केली नाही."

अब्दोनने गुडघ्यावरचा हात उचलला. "तू संशयानेच मरशील, सेनोविया."

"मरेन तेव्हा मरेन. ज्यांनी विश्वास ठेवला ते आधीच मेलेत."

तो उठून गेला. घड तिथेच राहिला. सेनोविया दारात उभी राहून त्याची पाठ वळणाआड होईपर्यंत बघत होती. गावातल्या सगळ्या जुन्या मोटरी एका दिवसात ट्रकवर चढणार, वितळणार, आणि त्यांच्या जागी सगळ्या सारख्याच, मुक्या येणार. मग कुठल्या बाईने काय ओळखायचं? अब्दोनला हेच हवं होतं का? आणि हेल्मेरलाही? दोघांचं साटंलोटं होतं का? त्या रात्री जेवताना तिने जावयाला मासा वाढला आणि त्याचा चेहरा वाचत राहिली. हेल्मेर खाली मान घालून काटे काढत होता.

शनिवारी दुपारी सगळा गाव वाळूवर होता. एजंट इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून आला होता. बुटात वाळू जात होती आणि तो एका पायावर उभा राहून ती झटकत होता. एका होडीवर नवी मोटर लावलेली. त्याने वायर जोडून कॉम्प्युटर उघडला.

"बिघाड कुठे आहे ते हा सांगतो," तो म्हणाला.

"आणि हाच बिघडला तर?" मागून एक म्हातारा ओरडला. लोक हसले.

एजंटाने किल्ली फिरवली. लोकांना वाटलं काही झालंच नाही. मग मागचं पाणी हललं. होडी निघाली, खडकाला वळसा घालून परत आली, आणि खडकामागे असताना ती आहे की नाही हे कुणाला सांगता आलं नसतं. पुरुष खूश झाले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"साहेब," सेनोविया पुढे झाली. "भर समुद्रात बंद पडली तर? कार्बोरेटर माणूस स्क्रू-ड्रायव्हरने खोलतो, तोंडाने फुंकतो, घरी येतो. हिच्यात फुंकायचं कुठे?"

"बाई, ही बंद पडतच नाही."

"बंद न पडणारी वस्तू मी पाहिली नाही. माझा संसारसुद्धा पडला बंद."

"पाणी मिसळलेलं पेट्रोल घातलं तर पडेल," एजंट जरा वरमून म्हणाला. "गाळणी स्वच्छ ठेवायची, बॅटरी सांभाळायची. एवढं केलंत तर नाही पडणार."

हे त्याचं पहिलं खरं बोलणं होतं. सेनोवियाने मान हलवली. हेल्मेर तिच्या मागे उभा होता, पण ती त्याच्याकडे वळली नाही.

मग बदलीच्या मोटरी आणल्या. अट अशी की जुनी मोटर चालू स्थितीत हवी. मेकॅनिक उल्बिओने पाण्याने भरलेलं पिंप मांडलं होतं. त्यावर एकेक मोटर टांगायची, दोरी ओढून चालू करायची, मिनिटभर ऐकायची, नळी उपसून वाट्या रिकाम्या होऊ द्यायच्या, की ट्रकवर. एक झाली, दुसरी झाली. निळा धूर वाऱ्यावर पसरत होता. प्रत्येक मोटर गप्प होताना कुठलीतरी बाई पदराशी चाळा केल्यासारखी आपल्या झग्याची कड ओढायची. सेनोवियाने घमेलं वाळूवर ठेवलं होतं. बाजारात जाताना पिशवी न्यावी तसं तिने ते सवयीने बरोबर आणलं होतं.

चेअरमनची तिसरी मोटर आली. वरून हिरवा रंग फासलेला. उल्बिओने दोरी ओढली, मोटर लागली. आवाज जाडसर, इतरांसारखाच. पिंपातलं पाणी उकळल्यासारखं उसळत होतं. उल्बिओने नळी उपसली.

मोटरीचा आवाज थोडा चढला, मग उतरला. दोन सिलिंडर गेले.

खक्.

सेनोविया वाकली. आपण काय करतोय हे तिला कळायच्या आत तिच्या हातांनी घमेलं उचललं होतं आणि पाय पाण्याकडे वळले होते.

खक्-खक्.

मग शांत.

बायकांनी पाहिलं. ते वाकणं, ते घमेलं उचलणं, रोजचंच होतं त्यांचं. न कळायला काय झालं? पास्तोराने तोंडावर हात ठेवला. शेजारच्या घरात राहून बारा वर्षं तिनेही तो खोकला ऐकला होता.

"ही माझी मोटर आहे," सेनोविया म्हणाली.

"झालं सुरू," चेअरमन हसत एजंटाला म्हणाला. "जरा डोक्याने... नवरा गेल्यापासून."

"तोरिबियोची मोटर आहे ही. कुठून आणलीस?"

"विकत घेतली. पैसे मोजून."

"कुणाकडून?"

"उत्तरेकडचा कुणीतरी होता. नाव कोण विचारतं?"

"नंबर दाखव तिचा."

नंबर नव्हता. पट्टीच्या जागी कानस फिरवलेली होती. "खाऱ्या पाण्याने जातो नंबर," चेअरमन म्हणाला.

सेनोविया मेकॅनिककडे वळली. "उल्बिओ, तिसऱ्या वाटीच्या तळाचा स्क्रू काढ. वॉशरच्या जागी सुक्रेचं नाणं असेल. मी दिलेलं."

उल्बिओने चेअरमनकडे पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातातच राहिला. तेव्हा पास्तोरा पुढे आली आणि तिने सेनोवियाचा दंड धरला. "सोड ना गं," ती हळूच म्हणाली. "सोड. काय मिळणार आहे आता?"

सेनोवियाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे. तो आपल्या मोटरीपुढे उभा होता, तिची नंबराची पट्टी पायाआड येईल असा. आणि तोच नव्हे. दोघं, तिघं, पाच जण. सगळे आपापल्या मोटरीला पाठ लावून उभे होते, फोटो काढणार असल्यासारखे.

हेल्मेरने उल्बिओच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर ओढून घेतला. झाकण काढलं, आत हात घातला. स्क्रू हातात आला, त्याच्याबरोबर वॉशरही. त्याने तो शर्टाला पुसला. मधे भोक पडलेला एक सुक्रे. कडेची अक्षरं अजून वाचता येत होती. हेल्मेरने तो चेअरमनला दाखवला नाही. हात उंच करून सगळ्या किनाऱ्याला दाखवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

एकही पुरुष आपल्या मोटरीपुढून हलला नाही.

आता कुणी म्हणेल, गाव भित्रं होतं. भित्रं नव्हतं, भागीदार होतं. चोरीची मोटर कुणी विकत घेतलीच नाही, तर चोर ती काय भाजून खाणार? उत्तरेची मोटर दक्षिणेला विकायची, दक्षिणेची उत्तरेला, मधे कानस फिरवायची. निम्म्या किमतीत मिळते म्हणून घ्यायची आणि नाव विचारायचं नाही. तिथेही कुणी बाई घमेलं घेऊन वाळूवर उभी असेल, हे मनात आणायचं नाही. सान हाकोबोच्या एकाही पुरुषाला आपल्या खाटेला बांधलेली मोटर कुणाची सवत आहे हे माहीत नव्हतं, कारण माहीत करून घ्यायचं नव्हतं. आणि आता जुन्या मोटरी वितळवणारा ट्रक आला म्हणून चेअरमनच काय, सगळेच समुद्राची काळजी करत रांगेत उभे होते.

"मला काय माहीत?" चेअरमनचा आवाज चढला. "आईची शपथ घेऊन सांगतो. मला माहीत असतं तर मी ही इथे आणली असती का?"

हे बहुधा खरंही असावं. सेनोवियाला त्याने काही फरक पडला नाही. "नऊ नाताळ तुझी केळी खाल्ली मी," ती म्हणाली.

"घेऊन जा मग! तुझी म्हणतेस ना? ने. लाव होडीला. माझं काही म्हणणं नाही."

सेनोवियाने मोटरीवर हात ठेवला. पत्रा अजून गरम होता. "हेल्मेर," ती म्हणाली, "बांबू आण. हीच लावायची आपल्या होडीला. दुसरी कुठलीही नको मला."

"नाही, आई."

"अजून नाही? आता काय लपवतोस? बोल, सगळ्यांसमोर बोल. कुणाकडे जायचंय तुला आवाज न करता?"

हेल्मेरने इकडे तिकडे पाहिलं. मग तो तिच्या इतका जवळ आला की पास्तोरालाही ऐकू जाऊ नये.

"त्या दिवशी धुकं होतं, आई," तो म्हणाला. "हात लांब केला तर दिसत नव्हता. मग त्यांनी मामांना शोधलं कसं?"

सेनोवियाचा हात मोटरीवर तसाच होता.

"आवाजावरून. मैलभरावरून ऐकू यायची ही. तुम्ही ऐकून घमेलं उचलायचात. तेही ऐकत होते. किनाऱ्यावरचेच असतात ते, त्यांनाही सगळ्यांचे गळे पाठ असतात. कोण एकटा आहे, कुठे थांबला, मोटर कधी बंद केली, सगळं कळतं." त्याचा अंगठा पुन्हा वाळू उकरत होता. "मी नार्सिसाला शपथ घातली होती, आईंना हे कधी सांगायचं नाही म्हणून. तुमच्याजवळ त्यांचा तेवढाच आवाज राहिलाय. तो कशाला नासवायचा?"

ती बर्फाच्या रिकाम्या पेटीवर बसली. पाणकोळी पक्षी ट्रकच्या टपावर येऊन बसले आणि मासा नाही हे बघून उडून गेले. एजंटाने घड्याळ पाहिलं आणि पाहिल्याबद्दल त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. नऊ वर्षं ती सगळ्यांवर पाळत ठेवून होती. त्या एका आवाजावर मात्र तिने कधी संशय घेतला नव्हता.

"हेल्मेर," ती शेवटी म्हणाली, "नाणं परत बसव."

त्याने बसवलं.

"उल्बिओ, नळी जोड. चालू कर."

"काकू, आत्ताच तर..."

"जोड म्हणते ना. वाट्या भरू दे. आणि मग उपस."

उल्बिओने दोरी ओढली. मोटर लागली. सेनोविया मांडीवर हात ठेवून ऐकत होती, म्हातारीने जावेचं गाणं ऐकावं तशी, तोंड थोडं वाकडं करून. उल्बिओने नळी उपसली. एजंटाने का कोण जाणे, कॉम्प्युटरचं झाकण लावून टाकलं.

दोन सिलिंडर गेले.

खक्.

दम घेतला.

खक्-खक्.

सेनोविया आणखी थोडा वेळ थांबली. तिला माहीत होतं की यानंतर काही नसतं, तरी थांबली. मग उठून झगा झटकला.

"चढवा ट्रकवर," ती म्हणाली. "माझ्या बदलीत. मला नवी हवी."

"नाण्याचं काय?" हेल्मेरने विचारलं.

"ते तिचं आहे. राहू दे तिच्याजवळ." मग ती चेअरमनकडे वळली. "आणि तू मोठ्याने म्हण. तोरिबियोची मोटर देऊन सेनोवियाने नवी घेतली. म्हण."

चेअरमनने लोकांकडे पाहिलं. लोक वाळूकडे बघत होते.

"तोरिबियोची मोटर देऊन," तो म्हणाला, "सेनोवियाने नवी घेतली."

"ऐकू नाही आलं. मला कान म्हणतात ना इथे? त्या कानालाही नाही आलं."

तो पुन्हा म्हणाला. यावेळी ट्रकच्या ड्रायव्हरलाही ऐकू गेलं.

"आणि यंदा केळी आणू नकोस," सेनोविया म्हणाली.

नवी मोटर उचलायला चार माणसं लागतात. ती खाटेशेजारी मावत नाही, म्हणून हेल्मेरने स्वयंपाकघरात जागा केली. नार्सिसा तिच्यावर बाळाचे कपडे वाळत घालते. तिला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही.

पहिल्या दिवशी हेल्मेर पहाटे निघाला तेव्हा सेनोविया जागी होती, पण तो कधी गेला ते तिला कळलं नाही. तिने चूल पेटवली, केळी उकडली, लेकीच्या हातात दिली. मग घमेलं घेऊन वाळूवर गेली, त्यात मासे ठेवायला समुद्राचं पाणी भरलं, आणि मांडीशी घेऊन बसली. थोड्या वेळाने पास्तोरा आली. तिच्याही घरी आता मुकी मोटर होती. ती जरा अंतर ठेवून बसली. उन्हं चढत गेली तशा एकेक करून आणखी बायका आल्या, आपापली घमेली घेऊन, आणि सगळ्या समुद्राकडे तोंड करून बसल्या. याआधी या किनाऱ्यावर इतक्या बायका कुणी बुडाला तरच बसायच्या.

होडी खडकाआडून आली तेव्हा सेनोवियाने ती डोळ्यांनी पाहिली. ऐकू आलं ते फक्त पुढच्या टोकाने पाणी कापल्याचं. ती उठून उभी राहिली. होडी टेकली तेव्हा ती तिथे होती.

"किती वेळ बसलात, आई?" हेल्मेरने उडी मारून विचारलं.

"आत्ताच आले."

मासे टाकायला त्याने घमेलं पुढे ओढलं. पाण्यात बोटं बुडवली. पाणी उन्हाने कढत झालं होतं. त्याने ते पाणी ओतून दिलं आणि कमरेभर समुद्रात जाऊन नवं भरून आणलं.